समुद्रतळाचे दप्तर : ‘गुलदार’च्या निमित्ताने

१/
सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त नौका ‘गुलदार’ समुद्रतळावर ठेवून तेथे स्कूबा डायव्हिंगचे केंद्र उभारण्याचा महाराष्ट्र शासनाचा प्रकल्प आहे. हा विषय निघाला की इतिहासप्रेमी तरुणांकडून एक मागणी हमखास ऐकू येते : ‘मग मराठा आरमाराची बुडालेली जहाजे का नकोत? तीही शोधा, तेथेही डायव्हिंग सुरू करा, तोफा वर काढा.’ या मागणीमागची भावना मला मान्य आहे. मागणी मात्र घातक आहे, आणि ती का घातक आहे हे सांगण्यासाठीच हा धागा. दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम एका अपेक्षित आक्षेपाचे उत्तर. मी तलवाड्याचा, बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातला. ‘ज्यांच्या विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवतात त्यांनी जहाजांच्या गोष्टी कशाला कराव्यात?’ असे कोणीही विचारील. याचे उत्तर सुमारे दोन हजार वर्षे जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन बाजारपेठांचा स्पष्ट उल्लेख आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांत भरून भडोच बंदरात जात असे. पैठण आमच्याच गोदावरीवर, थोडे वरच्या अंगाला आहे.

३/
१९३८ मध्ये इटलीतील पाँपेईच्या उत्खननात एक भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. जी जहाजे पोहोचली त्यांच्या मालाच्या खुणा अशा परदेशी उत्खननांत उमटतात. जी पोहोचली नाहीत ती मालासकट समुद्रतळाशी गेली. म्हणून अरबी समुद्राचा तळ ही केवळ कोकणाची मालमत्ता नाही. दख्खनच्या पठाराचेही कागद तेथे पडून आहेत. ‘कागद’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. त्याचा खुलासा पुढे येईल.

४/
आता ‘गुलदार’. पोलंडमधील ग्डिनिया येथे बांधलेली, सुमारे ८४ मीटर लांबीची ही नौका. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणे हे तिचे काम. ३० डिसेंबर १९८५ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअर येथे निवृत्त झाली. भंगारात निघण्याऐवजी ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात आली आणि २०२५ मध्ये पुढील तयारीसाठी विजयदुर्ग बंदरात आणण्यात आली. बुडवण्यापूर्वी अशा जहाजातील तेल, घातक रंग, तारा, प्लास्टिक काढून टाकावे लागते. नाहीतर आपण समुद्राला प्रवाळ देत नसून कचरा देत असतो.

५/
बुडालेल्या पोलादी जहाजावर जीवसृष्टी कशी वसते, हे समजून घेण्यासारखे आहे. वालुकामय तळावर चिकटायला जागा नसते. जहाज ही कठीण जागा पुरवते. प्रथम जिवाणूंचा पातळ थर बसतो, मग शैवाल, मग बार्नकल आणि कालवे, पुढे स्पंज, समुद्रफुले आणि मऊ प्रवाळ. फटी आणि खोल्यांत लहान मासे आसरा घेतात. त्यांच्या मागे तांबोशी आणि गोब्रा येतात. काही वर्षांत निर्जीव लोखंडाची वस्ती होते. अमेरिकेने २००६ मध्ये ‘ऑरिस्कनी’ ही विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ याच हेतूने बुडवली, आणि आज ती डायव्हरांचे आवडते ठिकाण आहे.

६/
या प्रकल्पाला माझा विरोध नाही. मात्र डोळे मिटून टाळ्या वाजवण्याचेही कारण नाही. त्याच फ्लोरिडात १९७० च्या दशकात सुमारे वीस लाख जुने टायर कृत्रिम प्रवाळ म्हणून समुद्रात टाकले गेले. त्यांची बंधने तुटली, टायर लाटांबरोबर भटकले आणि त्यांनी जवळच्या खऱ्या प्रवाळाचीच नासधूस केली. कृत्रिम प्रवाळ मासे वाढवते की आजूबाजूचे मासे फक्त एका जागी गोळा करते, हा शास्त्रज्ञांतील वादही जुना आहे. गोळा करत असेल, तर त्याची किंमत मच्छीमार मोजतो. तेव्हा स्थानिक मच्छीमारांना बरोबर घेऊन आणि जीवसृष्टीची वर्षानुवर्षे नोंद ठेवूनच हा प्रकल्प चालायला हवा.

७/
माझा झगडा ‘गुलदार’शी नाही. तो तिच्याकडे पाहून आपल्या मनात तयार होणाऱ्या चित्राशी आहे. रील्समध्ये दिसणारे जहाज उभे असते, त्याच्या खिडक्यांतून माशांचे थवे वाहतात, डोलकाठी शाबूत असते. ते जहाज विसाव्या शतकातले असते आणि पोलादाचे असते. आपण त्याच चित्रात आंग्र्यांचा भगवा रंगवतो आणि समजतो की असेच एखादे गुराब कोकणच्या पाण्यात आपली वाट पाहत उभे आहे. तसे काही उभे नाही.

८/
आपल्या उष्ण, खाऱ्या समुद्रात लाकूड पोखरणारे टेरेडो जातीचे शिंपले असतात. उघडे पडलेले जहाजी लाकूड, सागवान असले तरी, त्यांच्या तडाख्यातून सुटत नाही. चिखलाखाली प्राणवायूअभावी जेवढा भाग झाकला जातो तेवढाच टिकण्याची आशा असते. सतराव्या किंवा अठराव्या शतकातील जहाज आज सापडलेच तर ते जहाजासारखे दिसणार नाही. समतोलासाठी तळाशी भरलेल्या दगडांचा ढीग, प्रवाळाने गुरफटलेल्या तोफा, खिळे, खापरे, फार तर चिखलात दडलेली एखादी फळी, असे त्याचे रूप असेल. हौशी डायव्हर त्यावरून पोहत जाईल आणि त्याला काही दिसणारही नाही.

९/
शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी सुंची रीफ येथे सतराव्या शतकातील एका पोर्तुगीजकालीन जहाजाचे अवशेष अभ्यासले. काय मिळाले? लोखंडी तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मर्तबान रांजणांची खापरे, हत्तीचे दात आणि पाणघोड्याचेही दात. या तुटक्या वस्तू एकत्र मांडल्या की आफ्रिका, भारत, ब्रह्मदेश आणि चीन यांना जोडणारा व्यापार एका जहाजाच्या पोटात दिसू लागतो. त्यात सोन्याची एकही पेटी नाही, आणि तिची गरजही नाही.

१०/
दुसरे उदाहरण गोव्याच्याच सेंट जॉर्ज रीफचे. तेथील जहाजाचा माल होता कौले. ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’ आणि १८६५ हे वर्ष असा ठसा त्यांवर आहे. मंगळुरातील ज्या कारखानदारीमुळे ‘मंगलोरी कौल’ हा शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचला, तिचा माल किनाऱ्याने कसा जात होता, याचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे. कौलांचा ढीग पाहायला कोण तिकीट काढील? पण आपल्या आजोबांच्या घरावरचे छप्पर कोठून आले, हे सांगणारा पुरावा मला रत्नजडित तलवारीपेक्षा मोलाचा वाटतो.

११/
आता ‘कागद’ या शब्दाचा खुलासा. समुद्रतळ हे एक दप्तर आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव मोडी कागद शोधत हिंडले. त्या काळी जुन्या दप्तरांची काय दशा होती, हे आपण सारे वाचून आहोत. कसर लागली होती, कागद रद्दीत जात होते, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधल्या जात होत्या. एखादे पत्र आपल्या रुमालातून सुटून एकटे मिळाले की त्याचे अर्धे मोल जाते. ते कोणत्या पत्राच्या मागे होते आणि कोणाच्या दप्तरात होते, हे कळले तरच त्याचा अर्थ लागतो. बुडालेल्या जहाजालाही हाच नियम लागू आहे. कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी, किती खोल, कोणत्या बाजूला पडली आहे, यातच निम्मा इतिहास असतो.

१२/
एक तोफ तळावर आडवी पडली आहे असे समजा. तिच्या खाली दगडी भार असेल तर बहुधा ती मारगिरीसाठी चढवलेली असावी. ती इतर तोफांबरोबर भाराच्या थरातच रचलेली असेल तर निकामी तोफ म्हणून वजनासाठी भरलेली असू शकते. एकात आरमार दिसते, दुसऱ्यात व्यापार. ती तोफ दोर बांधून ओढली आणि पोलीस ठाण्यासमोर चुन्याच्या चौथऱ्यावर बसवली की हा प्रश्न कायमचा मिटतो. उरते फक्त ‘पुरातन तोफ’ अशी पाटी.

१३/
जीवसृष्टीचा मुद्दा येथे पुन्हा येतो. तोफेवर चढलेला प्रवाळ आणि शिंपल्यांचा कठीण थर डायव्हरला सुंदर दिसतो. पुरातत्त्वज्ञाला तो रुमालासारखा वाटतो, कागद बांधून ठेवणाऱ्या कापडासारखा. या थरामुळे लोखंडाचे गंजणे मंदावते. तो खरवडला, किंवा तोफ पाण्याबाहेर काढून तशीच उन्हात ठेवली, की आत मुरलेले क्षार लोखंडाला आतून फोडू लागतात आणि पापुद्रे सुटतात. प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे क्षार काढण्याची प्रक्रिया करण्याची सोय नसेल, तर समुद्र हाच त्या तोफेचा सर्वांत चांगला रखवालदार आहे.

१४/
‘मग स्वीडनने वासा कसे वर काढले?’ हा प्रश्न नेहमी येतो. वासा १६२८ मध्ये बुडाले आणि १९६१ मध्ये वर आले. बाल्टिक समुद्राचे पाणी इतके कमी खारे आहे की तेथे टेरेडो जगत नाही, म्हणून जहाज शाबूत राहिले. वर काढल्यावर लाकूड आक्रसू नये म्हणून त्यावर तब्बल १७ वर्षे रसायनाचा फवारा चालला. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ १५४५ मध्ये बुडाले, १९८२ मध्ये वर आले आणि त्यावरील फवारे २०१३ मध्ये थांबले. शोधाचा जल्लोष एका दिवसाचा आणि जपणूक एका पिढीची. आपल्या गडांवरील तोफांची अवस्था पाहिलेल्यांनी ‘वर काढा’ म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे.

१५/
आता विजयदुर्ग. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचे आरमार समुद्रातून आणि पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून तुळाजी आंग्र्यांवर चालून गेले. क्लाइव्हही त्या मोहिमेत होता. भडिमारात ‘रिस्टोरेशन’ या जहाजाने पेट घेतला. हे जहाज आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून जिंकून घेतलेले. तेथून आग पसरली आणि बंदरात एकत्र बांधलेले आंग्र्यांचे आरमार काही तासांत जवळजवळ पूर्णपणे जळून गेले. मराठ्यांच्या समुद्री सत्तेवरचा हा घाव इंग्रज आणि पेशवे यांच्या युतीने घातला, ही गोष्ट आपल्या अभिमानाच्या पोस्टमध्ये सहसा येत नाही.

१६/
ज्या बंदरात ते आरमार जळाले त्याच बंदरात ‘गुलदार’ आणून उभी केली गेली. एका निवृत्त नौकेला समुद्रतळावर मानाची जागा मिळावी म्हणून शासन खर्च करते, हे चांगलेच आहे. पण त्याच पाण्याच्या चिखलाखाली १७५६ चे काय उरले आहे, याच्या पद्धतशीर शोधासाठी आपण कधी आवाज उठवला? राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी विजयदुर्गाजवळ पाण्याखालच्या दगडी भिंतीची नोंद केली, सिंधुदुर्गाजवळच्या दगडी नांगरांवर लिहिले. त्या लेखांना आपल्यापैकी किती जणांनी हात लावला? तलवारीच्या रील्सना मात्र लाखो दर्शक मिळतात.

१७/
नोंदीआधी पर्यटन आले की काय होते, हे जगाने पाहिले आहे. ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज १९४१ मध्ये जर्मन विमानांनी तांबड्या समुद्रात बुडवले. आत मोटरसायकली, ट्रक, युद्धसामग्री. बाहेर प्रवाळ आणि माशांचे थवे. जगातील सर्वांत प्रसिद्ध डायव्हिंग स्थळांपैकी हे एक. पर्यटकांच्या नौका थेट जहाजालाच दोर बांधत राहिल्या, त्याचे लोखंड उखडले, आणि आतल्या वस्तू ‘आठवण’ म्हणून एकेक करून नाहीशा झाल्या. हे पोलादी जहाजाचे झाले. खापरे आणि खिळ्यांच्या ढिगाऱ्याचे किती दिवसांत काय होईल?

१८/
इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये नवव्या शतकातील अरबी बांधणीचे जहाज सापडले. त्यात सुमारे ६०,००० चिनी भांडी होती. ती व्यापारी कंपनीने घाईने वर काढली. भांडी वाचली, पण जहाजावरील माणसांच्या आयुष्याचे कितीतरी बारीक पुरावे त्या घाईत गेले, असा पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप होता. या पद्धतीमुळे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेला त्या भांड्यांचे नियोजित प्रदर्शन सोडून द्यावे लागले. उलट श्रीलंकेतील गोडवाया येथे स्थानिक पाणबुड्यांच्या नजरेस आलेले, दोन हजार वर्षांपूर्वीचे जहाज पुरातत्त्वज्ञांनी जागेवरच मोजून अभ्यासले. हिंदी महासागरातील ज्ञात जहाजांत ते सर्वांत जुने मानले जाते.

१९/
आणखी एक गोष्ट, जिच्यावर बोलताना आवाज खाली यावा. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ही जहाजे माणसांच्या समाध्या आहेत. कोकणातल्या कितीतरी घरांत ‘रामदास’चे नाव आजही हळू आवाजात घेतले जाते. अशा ठिकाणी रोमांच शोधणाऱ्यांनी आपल्या घरातील कोणी तेथे आहे अशी कल्पना करून पाहावी.

२०/
कायदा काय म्हणतो? १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारणपणे शंभर वर्षे जुन्या वस्तूंना लागू होतो, आणि त्याचा भर वस्तूंचा व्यापार, निर्यात आणि नोंदणी यांवर आहे. वस्तू ज्या जागी पडली त्या जागेचे मोल त्यात पुरेसे उतरत नाही. युनेस्कोचा पाण्याखालील वारशाविषयीचा करार २००१ चा, २००९ पासून अमलात. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. त्यातही शंभर वर्षांचीच अट आहे. म्हणजे ‘रामदास’ला या व्याख्येत बसण्यासाठी २०४७ ची वाट पाहावी लागेल. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पाण्याखालील पुरातत्त्वाची शाखा २००१ मध्ये सुरू केली. साडेसात हजार किलोमीटरहून लांब किनाऱ्यासाठी असे मनुष्यबळ किती लागेल, याचा विचार आपणच करावा.

२१/
‘म्हणजे सामान्य माणसाने वारसा पाहूच नये का? हा विद्वानांचा मक्ता झाला!’ हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. पेशवे दप्तर ब्रिटिश सरकारने अभ्यासकांपासून दीर्घकाळ दूर ठेवले होते. ते खुले व्हावे म्हणून आपल्या पूर्वसुरींनी झगडा केला. पण ते खुले झाले तेव्हा काय झाले? सरदेसायांच्या देखरेखीखाली कागद चाळले गेले, निवडले गेले आणि ४५ खंड छापून निघाले. रुमाल सोडून मैदानात उधळले नाहीत. युनेस्कोचा करारही लोकांना दूर ठेवा असे सांगत नाही. अवशेष शक्यतो जागेवर जपा, त्यांचा व्यापार करू नका, आणि त्यांना धक्का न लावता पाहू द्या, असेच तो सांगतो.

२२/
तेव्हा मागणी करायचीच तर ती अशी करू. एक, ज्या बंदरात गाळ काढायचा किंवा नवे बांधकाम करायचे तेथे आधी पाण्याखालील पुरातत्त्वीय सर्वेक्षण व्हावे. दोन, ज्या जागी वर्षानुवर्षे जाळी अडकतात त्या जागांची माहिती मच्छीमारांकडून सन्मानाने आणि मोबदला देऊन नोंदवावी. गोडवायाचा धडा हाच आहे. तीन, तारकर्लीच्या स्कूबा प्रशिक्षण केंद्रात तयार होणाऱ्या स्थानिक मुलामुलींना मोजणी, छायाचित्रण आणि रेखाटन यांचे शिक्षण मिळावे. चार, डायव्हिंगच्या उत्पन्नातील ठराविक वाटा या नोंदींसाठी राखून ठेवावा.

२३/
‘गुलदार’चा खरा उपयोग मला येथे दिसतो. तिच्यावर चुकले तर फार बिघडत नाही. तिचे आराखडे उपलब्ध आहेत, तिचा इतिहास कागदावर आहे. हौशी डायव्हरची गर्दी तिच्याकडे वळू द्या, म्हणजे नाजूक अवशेष वाचतील. पाण्याखाली मोजपट्टी कशी धरायची, प्रवाळाला न शिवता छायाचित्र कसे घ्यायचे, हे विद्यार्थ्यांना तिच्यावर शिकू द्या. तिची शाळा होऊ द्या. तिच्या जोरावर ‘आम्ही समुद्री वारसा जपतो’ अशी शेखी मात्र कोणी मिरवू नये.

२४/
शेवटी आपल्याविषयी. आपण इतिहासाची पाने चालवतो, हजारो लोक वाचतात. यापुढे ‘समुद्रात सापडला खजिना’ असा मथळा देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : कोणी शोधले, जागेवर नोंद झाली का, आणि वस्तू आता कोठे आहे? कोणी समुद्रातून आणलेले खापर विकायला काढले तर त्याची पोस्ट पुढे पाठवू नये, प्रशासनाला कळवावे. मोडी शिकणारे आपल्यात पुष्कळ आहेत. समुद्राची लिपी शिकणारे थोडे आहेत, आणि ती शिकायला किनाऱ्यावर जन्मावे लागत नाही. तलवाड्याहूनही सुरुवात करता येते.

मतभेद असल्यास पुराव्यासह अवश्य लिहा, उत्तर देईन. धागा समाप्त.